पांढरा कोपरा

१

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरबाईंचं चांगलं भरत होतं. राहत्या घराच्या खालच्या मजल्यावरच त्यांचा दवाखाना होता. बाहेर चार खुर्च्यांची बसायची खोली, आत एक मागे झुकणारी खुर्ची, तिच्यावर दिवा, कोपऱ्यात एक्स-रेचं यंत्र आणि खिडकीखाली औजारं उकळायचं भांडं. जिना उतरला की कामावर, चढला की घरी. बाईंना उशीर व्हायला निमित्तच नाही, असं त्यांचा नवरा म्हणायचा. तो स्वतः रोज दोन बस बदलून कचेरीत जायचा, तेव्हा त्याला तसं म्हणायचा हक्क होता.

त्यांना एकच मुलगी, दहा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं, घरीदारी ती खारू. पेन्सिलींची टोकं, पट्टीची कड, दप्तराचा बंद, जे हाताला लागेल ते ती कुरतडायची, म्हणून बापानं तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्यातली ताई गळून पडली. दाताच्या डॉक्टरच्या पोरीनं पेन्सिली खाव्यात म्हणजे दिव्याखाली अंधारच. बाईंनी दातांच्या कण्या केल्या, पण खारूनं काही ऐकलं नाही.

आठ वर्षांची असताना खारू पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर आपटली आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. बाईंनी तिला खाली आणून खुर्चीत बसवलं आणि तो भरला. तेव्हा त्यांच्या हातून एक चूक झाली. शिकाऊ डॉक्टरांनी ती केली असती तर बाईंनी त्यांना फैलावर घेतलं असतं. दाताचा रंग जुळवायचा तो आधी, दात ओला असताना. कापूस लावून दात कोरडा केला की तो घटकाभर जास्त पांढरा दिसतो. त्या रंगावर दात भरायचा मसाला निवडला तर दात पुन्हा ओला होऊन मूळ रंगावर येतो आणि मसाला मात्र पांढराच राहतो. पण पोर रडत होती, आणि पोर स्वतःची होती. कापूस आधी लावला गेला, रंग मागाहून निवडला गेला. दुसऱ्या दिवशी बघावं तर खारूच्या दाताला पांढरा कोपरा, जुन्या भिंतीवर एवढासा नवा रंग फासल्यासारखा.

"काढून परत करू या," बाई म्हणाल्या.

"नको. मला आवडतो," खारू म्हणाली, आणि वर्गातल्या प्रत्येकाला बत्तिशी दाखवत सुटली. "हा खोटा आहे. आईनं केलाय. हात लावून बघ, काही होत नाही मला!"

बाईंना त्या कोपऱ्याची लाज वाटायची आणि पोरीचं कौतुकही वाटायचं. दोन वर्षं तो तसाच राहिला.

२

शाळेचं तळ्याकाठचं शिबिर होऊन महिना होत आला होता. एका दुपारी खारू वरून पाण्याची स्टीलची बाटली तोंडाला लावून जिना उतरत होती. वाऱ्यानं दवाखान्याचं दार जोरात आपटलं, ते बाटलीला लागलं आणि बाटली दाताला. आत बाईंना फक्त टक् असा आवाज ऐकू आला.

"बघू," त्या म्हणाल्या. "तुकडा कुठाय?"

"गिळला," खारू म्हणाली.

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मोठी झाली आपली पोरगी, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि दिवा खाली ओढला. पांढऱ्या कोपऱ्याचा खालचा भाग गेला होता आणि वर एक पांढरी पट्टी तेवढी राहिली होती.

"काही नाही झालेलं," त्या म्हणाल्या. "दात जिथल्या तिथे आहे, नुसता मसाला उडालाय. दोन वर्षं टिकला हेच खूप."

"कसला मसाला?"

"अगं, तो पांढरा कोपरा. मी केलेला."

खारूनं आईच्या तोंडाकडे बघितलं.

"तो दात नव्हता?"

बाईंना हसू आलं. दवाखान्यात त्यांच्या हाताखाली एक पोक्त बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. तीही हसली. "घ्या! शाळाभर दवंडी पिटली ती कोणी? तूच ना?"

खारूनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग तीही हसली.

"हो की. विसरलेच मी."

मावशीनं तिच्या गळ्याशी कागदी रुमाल अडकवला आणि तबक पुढे सरकवलं.

३

काम रोजचंच होतं. उरलेली पट्टी घासून काढायची, कड साफ करायची, नवा मसाला चढवायचा आणि निळा दिवा दाखवून तो कडक करायचा. बाई हे डोळे मिटून करू शकत होत्या, आणि या खेपेला रंग ओल्या दातावरच बघायचा असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

त्यांनी घासायचं यंत्र सुरू केलं आणि पांढऱ्या पट्टीला हलकेच टेकवलं.

मसाला घासला की जळक्या प्लास्टिकचा वास येतो. दात घासला की जळक्या नखाचा येतो. इतक्या वर्षांत हे दोन वास बाईंच्या इतके अंगवळणी पडले होते, की यंत्र मसाला ओलांडून दातावर कधी गेलं ते त्यांना नाकानंच कळायचं. आता मास्कमधून वास आला तो नखाचा.

आपण कडेला गेलो असू, असं म्हणून त्यांनी यंत्र पट्टीच्या बरोबर मध्यावर नेलं. तिथेही नखच.

"गार लागतंय," खारू म्हणाली.

"कुठे?"

"तू आत्ता लावलंस तिथेच."

मसाल्याला गार लागत नाही. त्याला काहीच लागत नाही, खारू तेच तर सगळ्यांना सांगत फिरायची. बाईंनी यंत्र ठेवलं आणि आम्लाची निळी जेल घेतली. नवा मसाला धरावा म्हणून ती दातावर लावतात. मग धुऊन फुंकर मारली की दात खडूसारखा निस्तेज पांढरा होतो. जुन्या मसाल्यावर तिचा परिणाम होत नाही, तो तसाच चकचकीत राहतो. त्यांनी जेल दातावर आणि पट्टीवर लावली, थोडं थांबल्या, धुतली आणि वाळवली. सगळाच्या सगळा भाग खडूसारखा झाला होता. कुठे चकाकी नव्हती, कुठे सांधा नव्हता. पट्टी दाताचीच होती, आणि तरीही उरलेल्या दातापेक्षा पांढरी होती.

त्यांनी दाताची लांबी मोजून घेतली. बाहेर कोणीतरी खोकलं. बाईंनी दिवा वर सारला.

"आज एवढंच. मसाला संपलाय, उद्या करू."

मावशीचा हात मसाल्याच्या खणावरच होता. खण भरलेला होता. तिनं बाईंकडे बघितलं, तो लोटला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

४

शेवटचा पेशंट गेल्यावर बाईंनी कपाटाचा खालचा खण उघडला. काम करण्याआधी दातांचं माप घ्यायचं आणि त्यात प्लास्टर ओतून नमुना करून ठेवायचा, ही त्यांची पद्धत. इतरांचे नमुने वर्षभरानं फेकून द्यायच्या, खारूचा तेवढा ठेवला होता. त्यांनी त्याच्यावरची धूळ पुसली. वरच्या दातांची छोटीशी कमान, आणि पुढच्या दाताचा कोपरा तिरपा तुटलेला.

दुपारी मोजलेली लांबी त्यांनी प्लास्टरच्या दाताशी ताडून पाहिली. आज पुन्हा तुटल्यावरसुद्धा खारूचा दात मोडक्या बाजूला प्लास्टरपेक्षा लांब होता.

बाई काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या आणि स्वतःशीच वाद घालू लागल्या. आठव्या वर्षी दात पुरता खाली उतरलेला नसतो, पुढे हिरडी मागे सरते, दात लांब दिसतो. कबूल. पण मग त्यानं मोडकी कड खाली सरकेल, कडेच्या खाली नवा दात कसा येईल? तुटलेला दात भरून येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, हाडसुद्धा सांधतं, पण दात जेवढा गेला तेवढा गेला. हाच तर त्यांचा धंदा होता. आणि पांढरी पट्टी जिथून सुरू होत होती ती रेघ प्लास्टरवरच्या तिरप्या कडेशी तंतोतंत जुळत होती. रेघेच्या वरचा दात त्यांच्या ओळखीचा होता. खालचा पांढरा तुकडा म्हणजे त्यांची स्वतःची चूक होती. फक्त ती चूक आता मसाल्याची राहिली नव्हती.

वर गेल्या तेव्हा बापलेक फरशीवर पत्ते मांडून बसले होते. खारू जिंकत होती. बाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

"तूच मध्ये कधीतरी परत केला असशील," तो म्हणाला. "दिवसाला किती तोंडं बघतेस तू. राहिलं नसेल लक्षात."

"मसाला परत करता येतो रे. दात नाही करता येत."

"मग काय, पोरगीच बदलली म्हणायचं?" तो हसला आणि हाताला लागलेला शेंगदाणा तोंडात टाकून पत्त्यांकडे परत गेला.

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मन चिंती ते वैरी न चिंती. नवऱ्यानं जे थट्टेत म्हटलं ते स्टुलावर बसल्यापासून त्यांच्या मनात होतं, फक्त शब्दांत आलं नव्हतं. हा दात खारूचा नसेल, तर हे तोंड खारूचं नाही. आणि ही जर खारू नसेल, तर खारू कुठे आहे? बाहेरून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

५

सकाळी खारू आंघोळीला गेली तेव्हा बाईंनी तिचं दप्तर उघडलं. कंपासपेटीत चार पेन्सिली होत्या. चारींचीही टोकं गुळगुळीत, रंग शाबूत. दप्तराचा बंद तेवढा जुन्या दिवसांत खाल्लेला होता.

आपल्याला हे आधीच दिसलं होतं, हे बाईंना आठवलं. शिबिराहून आल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. "बघ, चार दिवस बाहेर राहिली तर वळण लागलं," असं त्या नवऱ्याला म्हणाल्यासुद्धा होत्या. तिला रात्री दिवा लागेनासा झाला, दूध न कुरकुरता पिऊ लागली, त्याचंही त्यांना बरंच वाटलं होतं. आता त्या पेन्सिली हातात घेऊन त्यांना स्वतःचा संताप आला आणि रडूही आलं.

पोरगी शाळेत गेल्यावर त्यांनी शिबिराला नेलेल्या वर्गशिक्षिकेला फोन लावला.

"तिथे काही लागलंबिगलं होतं का तिला? दाताचं काम निघालंय, म्हणून विचारते."

"छे हो! तुमच्या खारूचा काही म्हणजे काही त्रास नाही," शिक्षिका म्हणाल्या. "पहिल्या संध्याकाळी तेवढं जरा आमच्या तोंडचं पाणी पळवलं तिनं. तळ्यावरून सगळ्या परत आल्या, हिचा पत्ता नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन शोधायला निघणार, तर ही दारात उभी. म्हटलं, कुठे होतीस गं? तर म्हणाली, येतच होते. त्यानंतर मात्र फार शहाण्यासारखी वागली. एकदासुद्धा घरची आठवण काढून रडली नाही बघा."

"पहिल्या दिवशी तरी रडली होती का?"

"पहिल्या दिवशी? हो, बसमध्ये रडली होती की. तुम्हाला फोन लावून द्या म्हणत होती. पण तिथे रेंज कुठली यायला!"

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी सकाळच्या दोन पेशंटांना दुसरी वेळ दिली आणि एका पेशंटच्या दाढेला चुकून दोनदा भुलीचं इंजेक्शन देता देता राहिल्या. मावशीनं हात धरला म्हणून निभावलं.

"बरं नाही का वाटत?" मावशीनं विचारलं.

"झोप नाही झाली," बाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

६

शाळा सुटल्यावर खारू थेट दवाखान्यात आली, दप्तर कोपऱ्यात ठेवून खुर्चीत चढली. बाईंनी मावशीला जेवायला पाठवलं. बाहेरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ कवळी दुरुस्त करून घ्यायला आले होते. त्यांचं मासिकाची पानं उलटणं आत ऐकू येत होतं.

"आज मसाला आलाय?" खारूनं विचारलं.

"आलाय. आधी एक फोटो काढते दाताचा."

एक्स-रे काढायला भिंतीआड जावं लागतं. बाईंनी यंत्राची पट्टी खारूच्या तोंडात ठेवली, तिला हलू नकोस म्हणाल्या, आड गेल्या आणि बटण दाबलं. चित्र पडद्यावर उमटलं.

दात होते. हिरडीच्या बाहेर जेवढे दिसतात, तेवढेच होते. आत मुळं नव्हती. बाईंनी पट्टी मागे सरकवून दाढांचं चित्र घेतलं. दहा वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढांच्या मुळाशी पक्के दात आपली पाळी येईपर्यंत दबा धरून बसलेले असतात. इथे काही नव्हतं. दाढा हिरडीच्या रेघेशी संपत होत्या आणि पलीकडे एकसारखा करडा रंग होता. त्यांनी दुसऱ्या बाजूचं चित्र घेतलं. तेही तसंच आलं.

यंत्र बिघडलं असेल, असं त्यांचं मन शेवटचं म्हणून बघत होतं. म्हणून त्यांनी पट्टी स्वतःच्या तोंडात धरली आणि एक चित्र काढलं. त्यांच्या दाताची मुळं पडद्यावर लख्ख दिसली, दाढेत भरलेली जुनी चांदीसुद्धा दिसली.

म्हणजे कोणीतरी खारूच्या तोंडात डोकावलं होतं, आणि जेवढं दिसलं तेवढं केलं होतं. पांढरा कोपराही दिसला, तोही केला होता. आणि बाईंनी ते सगळं महिनाभर सकाळ-संध्याकाळ समोर बसवून जेवू घातलं होतं.

त्या स्टूल ओढून खुर्चीजवळ बसल्या. त्यांना वाटलं होतं आपली दातखीळ बसेल, पण आवाज रोजच्यासारखाच निघाला.

"ती कुठे आहे?"

मुलीनं दिव्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. चोरी पकडली गेली की पोरं कावरीबावरी होतात, तसं काही झालं नाही. उलट तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"तू रागावणार नाहीस ना?"

"नाही."

"ती म्हणाली होती, आईला लगेच कळेल. दार उघडल्या उघडल्या कळेल. मलाही तसंच वाटलं होतं. मी रोज म्हणायचे, आज विचारेल."

बाहेर मासिकाचं पान उलटलं. बाईंनी मुलीचा हात हातात घेतला. तो खारूचाच हात होता. करंगळीजवळ शाईचा डाग होता आणि हात गरम होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी तुला काही करणार नाही. कोणाला काही सांगणार नाही. तुला इथे राहायचं असेल तर तूही राहा. आपण तिला आणायला जाऊ. आत्ता, याच पावली. तू फक्त जागा दाखव. तिला अंधाराची भीती वाटते गं. ती माझी वाट बघत असेल."

मुलीनं यावर मनापासून विचार केला. अवघड गणित फळ्यावर बघावं तसं ती छताकडे बघत राहिली.

"आधी बघायची वाट," ती म्हणाली, आणि दात भरून घ्यायला तिनं तोंड उघडलं.